फक्त खाजवू देऊ नका

डॉक्टर म्हणाले, "काही नाही, कांजिण्या आहेत. आठ-दहा दिवसांत सुकतील. फक्त खाजवू देऊ नका."

हे 'फक्त' त्यांच्या तोंडून इतकं सहज निघालं की मी मान डोलावून मोकळा झालो. घरी येईपर्यंत त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. माझी मुलगी साडेसहा वर्षांची. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं आहे, पण घरात आणि बिल्डिंगीत तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि ते नाव कोणी कौतुकाने ठेवलेलं नाही, वैतागून ठेवलेलं आहे. धडधाकट असतानाही ही मुलगी एका जागी सव्वा मिनिटापेक्षा जास्त टिकत नाही. आता तिच्या अंगभर पाण्याने टरारलेले फोड होते, प्रत्येक फोडाला स्वतःची वेगळी खाज होती, आणि मी तिला फक्त खाजवू द्यायचं नव्हतं.

"आणि खाजवलं तर?" मी दवाखान्यातच विचारलं होतं.

"डाग राहतात," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "एखाद्या फोडात पू होतो. तो चिघळला की मग जरा..." त्यांनी कागद फाडून माझ्या हातात दिला. "पण तेवढी वेळ येऊ द्यायचीच नाही ना!"

त्या 'जरा'च्या पुढे काय असतं ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हातात असं अर्धवट वाक्य द्यायला नको होतं. मी जलनिःसारण खात्याच्या तक्रार विभागात वरिष्ठ लिपिक आहे. गेली एकोणीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचतोय. पहिला अर्ज नेहमी 'भिंतीला जरा ओल आली आहे' असा असतो आणि तिसऱ्या अर्जात ती भिंत नसते. 'जरा' कुठवर जातं हे मला चांगलं ठाऊक आहे.

बायको ऑडिटच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेली होती. ती सोमवारी सकाळी निघाली आणि सोमवारी संध्याकाळी भिंगरीच्या पोटावर पहिला फोड आला. हा निव्वळ योगायोग होता, असं मला तिला फोनवर तीनदा सांगावं लागलं.

"मी परत येते," ती म्हणाली.

"अजिबात यायचं नाही. मी आहे ना."

"म्हणून तर म्हणतेय."

हे लागलं. मी मग जरा करारी आवाजात सांगितलं, की एका मुलीची खाज सांभाळणं मला जड नाही, मी अख्ख्या शहराची गटारं सांभाळतो. मग ती म्हणाली, "नखं काप आधी तिची."

नखं कापली. दर आठ तासांनी द्यायचं खाजेचं लाल औषध सुरू केलं. बाटलीबरोबर एक छोटं प्लास्टिकचं माप होतं, त्यातल्या पहिल्या रेघेपर्यंत औषध घ्यायचं, जास्त नाही, असं औषधवाल्याने बोट ठेवून दाखवलं होतं. शिवाय अंगावर लावायला गुलाबी लोशन होतं. कापसाचा बोळा करून प्रत्येक फोडावर एक-एक ठिपका द्यायचा. आता फोड दिसला की माझ्यातला लिपिक जागा होतो. मी मोजायला लागलो. मंगळवारी सकाळी एकशे त्रेचाळीस भरले आणि संध्याकाळी दोनशे सहा. मला दरदरून घाम फुटला. मी फोन लावला.

"मोजतोस कशाला?" बायको म्हणाली.

"वाढ कळावी म्हणून."

"वाढणारच आहेत ते. आणि सकाळी डोक्यातले धरले होतेस का?"

डोक्यातले मी सकाळी धरले नव्हते. ऑडिटरशी लग्न केलेल्या माणसाला हा त्रास असतो. पण घाम काही परत गेला नाही. कारण एक फोड डाव्या डोळ्याच्या अगदी कडेला आला होता, आणि भिंगरीचा हात फिरून फिरून तिथेच जात होता. मी तो धरायचो, ती सोडवून घ्यायची. "बाबा, एकदाच," ती म्हणायची. "एकदाच खाजवते आणि मग कधीच नाही." मी नाही म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाणी गालावरच्या फोडांवरून ओघळलं की तिथेही खाज सुटायची. साडेसहा वर्षांच्या मुलीचा हात धरून बसायचं आणि तिला जे हवंय तेवढंच सोडून सगळं द्यायचं, याइतकं नीच काम मी सरकारी नोकरीतसुद्धा केलेलं नाही.

त्यातच माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. मी सहज विचारलं, "ताई, मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना गं?"

"तुला? नाही. तुला गालगुंड झालं होतं. का रे? मोठ्या माणसाला फार जड जातात म्हणे."

फोन ठेवून मी बाथरूममध्ये गेलो, शर्ट काढला आणि आरशात पाठ बघितली. पाठीवर एक तीळ आहे. तो लग्नाच्या आधीपासून आहे, लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना तो दिसला नव्हता इतकंच. त्या तिळाकडे मी दहा मिनिटं संशयाने बघत उभा होतो. तेवढ्यात बाहेर भिंगरी दाराच्या चौकटीला पाठ लावून म्हशीसारखी वर-खाली घासत होती.

तिला तिथे पकडलं ते समोरच्या दारातल्या शिंपीकाकांनी. हे सत्तरीचे गृहस्थ एकटेच राहतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन आहे, आणि दार उघडं असलं की त्याची खडखड आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते. त्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळे आजूबाजूची दारं पटापट बंद झाली तरी त्यांचं उघडं राहिलं. त्यांनी खिशातून टेप काढली, भिंगरीच्या हातांची मापं घेतली आणि तासाभरात मऊ अस्तराच्या कापडाचे दोन हातमोजे शिवून आणले.

"घाल बेटा. यात बोटं गुंडाळली की खाजवताच येणार नाही."

भिंगरीने ते दातांनी चार मिनिटांत काढले. काकांनी मनगटाला बटण लावून दुसरी जोडी आणली. तिला बारा मिनिटं लागली. काका तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हात चांगला आहे पोरीचा. काजं करायला शिकवायला पाहिजे."

बुधवारी सकाळी खाजेने कळस गाठला. भिंगरी रडत होती, फोड फुटत होते, आणि पोटावरच्या एका फोडाभोवती लाल कडं दिसायला लागलं होतं. तो लाल रंग बघून डॉक्टरांचं 'जरा' माझ्या छातीत येऊन बसलं. मी बायकोला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. दबक्या आवाजात म्हणाली, "ओट्स आहेत ना वरच्या फळीवर? ओट्सच्या पाण्याने आंघोळ घाल, खाज थांबते. कोमट पाणी घे, आणि ओट्स आधी..."

तेवढ्यात भिंगरीचा हात डोळ्याकडे गेला. मी फोन टाकून धावलो.

नंतर कळलं, की ते वाक्य 'ओट्स आधी मिक्सरमधून पिठासारखे बारीक कर, मूठभरच घे, फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात पीळ' असं होतं. माझ्यापर्यंत त्यातलं 'ओट्स' आणि 'कोमट पाणी' एवढंच पोचलं होतं. मी टबात कोमट पाणी भरलं आणि त्यात ओट्सचं पाकीट रिकामं केलं. पाणी फारसं बदललं नाही, म्हणून दुसरंही केलं.

पण एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. भिंगरी त्या लगद्यात मानेपर्यंत बसली आणि तिचं रडणं थांबलं. हात पाण्यावर सोडून ती वीस मिनिटं गप्प पडून राहिली. "बाबा, गार वाटतंय," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलो होतो, आणि लगद्यातून वर आलेल्या तिच्या दोन गुडघ्यांवरचे फोड न मोजता नुसता बघत होतो.

मग मी तिला अलगद टिपून कोरडी केली, नवे कपडे घातले आणि टबाचं बूच काढलं. काही झालं नाही. हाताने ढवळलं. झाडूच्या दांड्याने ढोसलं. शेवटी खूप वेळाने 'घळ्ळ' असा आवाज झाला, सगळं मोरीतून खाली गेलं, आणि मी कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या टबाकडे बघितलं. जलनिःसारणातला माणूस आहे शेवटी.

पाव तासाने बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. या एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यात आणि बिल्डिंगीत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणतात. त्यांच्या हातात स्टीलचा वाडगा होता.

"हे माझ्या बाथरूमच्या छतातून पडतंय."

मी वाडग्यात बघितलं. "ओट्स आहेत," मी म्हणालो.

"काय आहे ते मी विचारलं नाही. थांबणार कधी, ते सांगा."

"भिजलेले आहेत, निघून जातील."

"फुगतील," त्या म्हणाल्या. "आणि गरम पाण्याचा पाइप शेजारूनच जातो. शिजतीलसुद्धा."

मी प्लंबरला बोलावलं. तो उंबऱ्यापर्यंत आला, त्याने आतून येणारा रडण्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, "पोरीला काय झालंय?"

"कांजिण्या."

"मला झालेल्या नाहीत," असं म्हणून तो तीन पायऱ्या खाली उतरला आणि पुढचं सगळं निदान त्याने तिथूनच केलं. खाली मेट्रनबाईंकडे मात्र तो आनंदाने गेला, तिथे ठोकाठोक केली, मागच्या बोळात जाऊन आला आणि परत त्याच पायरीवर उभा राहिला. "साहेब, तुमचा माल बाहेरच्या चेंबरच्या तोंडाशी बसलाय. झाकण काढल्याशिवाय निघायचा नाही. आणि ते झाकण खात्याचं. आम्ही हात लावला की दंड होतो."

"कुठल्या खात्याचं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

मी आमच्या तक्रार विभागाला फोन लावला. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. पाचव्यांदा लावल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो फोन माझ्या टेबलावर असतो, तो मीच उचलतो, आणि मी रजेवर होतो.

म्हणजे जातीने जाणं आलं. शिंपीकाका म्हणाले, "तुम्ही निर्धास्त जा, मी बसतो पोरीजवळ." मी त्यांना सांगितलं, "बारा वाजता ते लाल औषध द्यायचंय, एक माप." ते "बरं" म्हणाले आणि हातशिलाईचं काम आणायला आपल्या घरात गेले. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. इतक्यात भिंगरीने कपाळ ओरबाडलं. मी म्हटलं, पाऊण तासाने काय बिघडतंय, आत्ताच देऊन टाकू. दिलं. खालून मेट्रनबाईंचा आवाज आला, "निघताय का, की मी छत्री घेऊन आंघोळ करू?" मी चपला घातल्या आणि धावत सुटलो. काका दारातच भेटले. मी त्यांना हात केला.

औषध दिलंय, हे सांगायचं राहिलं. हे वाक्य लिहायला मला आजही सोपं जात नाही.

ऑफिसात माझ्या खुर्चीवर माझा सहकारी बसला होता. सगळं काही विहित नमुन्यात पाहिजे असा त्याचा आग्रह असल्यामुळे आम्ही त्याला 'नमुना'च म्हणतो, आणि तसा तो आहेही. त्याने माझ्याकडे अर्ज सरकवला. त्या काउंटरच्या बाहेरच्या बाजूला मी एकोणीस वर्षांत प्रथमच उभा होतो. तिथून तो काउंटर छातीएवढा उंच आहे, आणि लिहायला ठेवलेलं पेन चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"रकाना सात, अडथळ्याचं स्वरूप," नमुना म्हणाला. "कचरा, गाळ, झाडाची मुळं की इतर?"

"इतर."

"इतर असेल तर वेगळ्या कागदावर खुलासा जोडायचा. तुम्हीच काढलेला नियम आहे."

मी नमुन्याकडून पेन मागून घेऊन खुलासा लिहिला. त्याने वाचला. "ओट्स म्हणजे काय?"

"धान्य. सकाळी खातात."

"मग हा खाद्यपदार्थ झाला. खाद्यपदार्थ आरोग्य विभागाकडे जातो."

"अहो, तो आता खाण्यासारखा राहिलेला नाही!"

"तसं प्रमाणपत्र आहे?"

मी चिडलो आणि मला जे बोलायचं नव्हतं तेच बोलून बसलो. "घरी मुलगी कांजिण्यांनी तडफडतेय हो, सही करा ना!" क्षणात आजूबाजूच्या चार खुर्च्या मागे सरकल्या. साहेबांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. नमुन्याने माझा अर्ज फूटपट्टीने ढकलत टेबलाच्या कडेला नेला. म्हणाला, "ठेवा इथेच. कोणीतरी सही करेल. ज्यांना होऊन गेल्यात त्यांची यादी करायला लागेल." ती यादी व्हायला दीड तास लागला. त्यात एकच नाव निघालं. ते शिपायाचं होतं, आणि त्याला सहीचा अधिकार नव्हता. शेवटी साहेबांनी दाराच्या फटीतून कागद घेऊन सही केली. पेन परत करायला खिशात हात घातला, तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. औषधाचं माप होतं. सकाळच्या गडबडीत मी ते खिशात टाकलं होतं.

मी त्या मापाकडे बघत राहिलो. बारा वाजता औषध द्यायचंय, एक माप. असं मी सांगितलं होतं. आणि माप इथे होतं.

मी किती वेगाने घरी आलो ते मला आठवत नाही. जिना चढताना मी भिंगरीच्या रडण्याचा आवाज शोधत होतो. तीन दिवस ज्या आवाजाने जीव नकोसा झाला होता, तो आवाज कुठेच नव्हता.

शिंपीकाका पलंगाशेजारी खुर्चीवर बसून पँटची दुमड शिवत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "बरोबर बाराला औषध दिलं," ते कुजबुजले. "दहा मिनिटांत झोपली. एकदासुद्धा खाजवलं नाही बघा."

"कशाने दिलंत?"

"माप सापडेना. मग हा चमचा घेतला." उशाशी भाजी वाढायचा मोठा चमचा होता. "एक भरून."

मी भिंगरीला हाक मारली. पुन्हा मारली. खांदा हलवला. मी तिचा हात उचलला आणि सोडला, तर तो ओल्या फडक्यासारखा गादीवर पडला. घरातली प्रत्येक वस्तू एकदम फार स्पष्ट दिसायला लागली. फॅन, कॅलेंडर, गुलाबी लोशनच्या बाटलीवर वाळलेला ओघळ, सगळं. आणि त्या सगळ्यात मी ओरडत होतो. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं औषध द्यायला? एवढा मोठा चमचा? अक्कल आहे का तुम्हाला? काही झालं ना हिला..."

काका उभे राहिले. त्यांनी हातातली सुई पँटच्या दुमडीत खोचली. "तुम्हीच म्हणालात ना, बारा वाजता," ते इतकंच म्हणाले.

"चालते व्हा!" मी म्हणालो. सत्तर वर्षांच्या माणसाला, जो माझ्या मुलीजवळ अडीच तास बसला होता.

ते निघून गेले. ती पँट इथेच राहिली.

मी दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "दोन ते पाच बंद असतं." मी काय सांगतोय ते मलाच कळत नव्हतं, त्याला कुठून कळणार! तेवढ्यात माझ्या हातातून कोणीतरी फोन घेतला. माझं ओरडणं ऐकून मेट्रनबाई वर आल्या होत्या. "मेट्रन बोलतेय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना फोन द्या." एवढंच. दहा सेकंदांत डॉक्टर फोनवर होते. बाईंनी बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, चमचा पाण्याने भरून माझ्या मापाने मोजला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्याच्या आधी तुम्ही कधी दिलं होतं?"

"सव्वाअकराला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसत्या बघण्यातही त्यांनी मला हाताखालच्या नर्सच्या जागी उभं केलं होतं.

डॉक्टर वीस मिनिटांत आले. त्या वीस मिनिटांत मेट्रनबाईंनी भिंगरीला कुशीवर वळवलं, घड्याळ समोर धरलं आणि तिचे श्वास मोजले. "बावीस. ठीक आहे." मीही तिचेच मोजले, माझ्या मोजणीत चौदाच भरले. "कारण तुम्ही स्वतः श्वास घेत नाही आहात," बाई म्हणाल्या. "घ्या. एकावेळी एकच पेशंट पुरे."

डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, तळव्याला टोचलं. तिने पाय आखडला. "हं," ते म्हणाले. "औषध जास्त गेलंय. या औषधाने झोप येते, ती आलीय. नाडी, श्वास ठीक आहेत." मग त्यांनी घड्याळ बघितलं, आणि यावेळी मात्र वाक्य पूर्ण केलं. "साडेचारपर्यंत ती स्वतःहून हलली पाहिजे. श्वास मंदावला, झटका आला, किंवा साडेचारला हाक मारून उठली नाही, तर मला फोन करत बसायचं नाही. गाडी काढायची आणि थेट हॉस्पिटल. मी तिथे सांगून ठेवतो."

अडीच वाजले होते.

त्या दोन तासांबद्दल विनोदाने लिहावं असा प्रयत्न मी केला आहे. जमलं नाही. मेट्रनबाई दर दहा मिनिटांनी मोजत होत्या आणि आकडा कागदावर टिपत होत्या. मी बायकोला फोन करून सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं तोंडातून फुटलं तेवढं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी निघते. तू तिचा हात धरून बस." मी हात धरून बसलो. तीन दिवस हाच हात मी ओढून धरला होता, दाबून धरला होता, त्याच्याशी झटापट केली होती. आता त्यात काहीच जोर नव्हता. मी त्याच्याकडे बघून मनात म्हणत होतो, ओरबाड मला. काय वाटेल ते कर.

पावणेचार झाले. चार झाले. मी गाडीची किल्ली खिशात टाकली, परत बाहेर काढली, परत टाकली. चार वाजून दहा मिनिटांनी बाईंनी तिला हाक मारली. पापणी जराशी थरथरली आणि मिटली. "थांबा," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाजही पहिल्यासारखा नव्हता.

चार वीसला भिंगरीचा हात माझ्या हातातून सुटला, सावकाश पोटाकडे गेला, आणि तिने कराकरा खाजवलं.

मी तो हात धरला नाही. धरायचा असतो, हे मी विसरूनच गेलो. डोळे न उघडता ती म्हणाली, "बाबा, भूक लागली." मेट्रनबाईंनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं, चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. तो त्या फार वेळ पुसत होत्या.

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले की धोका टळला, आज लाल औषध बंद, आणि त्या लाल कड्याच्या फोडाला लावायला मलम लिहून देतो, ते काही विशेष नाही. बायकोला कळवलं. ती रडली. भिंगरी दूध प्यायली आणि तिने मेट्रनबाईंना विचारलं, "तुमच्याकडे ओट्सचा पाऊस पडला म्हणे? मला बघायला मिळेल?"

"मिळेल," बाई म्हणाल्या. "तुझे बाबा तो पुसणार आहेत, तेव्हा ये त्यांच्याबरोबर." मग माझ्याकडे वळून त्यांनी खुर्चीवरची अर्धवट शिवलेली पँट उचलली आणि माझ्या हातात दिली. "हिच्याजवळ मी बसते. तुम्ही जा."

समोरचं दार बंद होतं. आत मशीन चालू होतं, थांबत नव्हतं, एकसारखी खडखड. मी बेल वाजवली, दार ठोठावलं. मशीन चालूच. मी दाराला तोंड लावून म्हणालो, "काका, माझी चूक झाली." खडखड. मी आवाज चढवला, "काका, चूक माझी होती." खडखड. तेव्हा मी सगळी लाजलज्जा सोडली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो. नेमकं त्याच क्षणी आतलं मशीन थांबलं. त्यामुळे माझं वाक्य चारही मजल्यांवर स्वच्छ घुमलं.

"औषध मी आधीच दिलं होतं! तुम्हाला सांगायला मी विसरलो! आणि माप माझ्याच खिशात होतं!"

वरचं एक दार उघडलं. मग खालचं उघडलं. कोणीतरी कठड्यावरून वाकून बघितलं. मी हातात दुसऱ्याची पँट घेऊन जिन्यात उभा होतो.

मग समोरचं दार उघडलं. काकांचे डोळे सुजले होते. त्यांच्यामागे मशीनवर एकच लांबलचक पट्टी होती, कशाची म्हणून नाही, नुसती शिवण घालत नेलेली, पार जमिनीवर वेटोळं होईपर्यंत.

"उठली का?" त्यांनी विचारलं.

"उठली. दूध प्यायली."

"खाजवतेय?"

"कराकरा."

त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. मी पुढे काहीतरी बोलायला लागलो, ते शब्द मी मघापासून जुळवत होतो, पण काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते मला बाजूला सारून, चपला न घालता, स्वतःचं दार सताड उघडं टाकून माझ्या घरात शिरले.